देवळात शपथ, स्टॅम्पपेपरवर सही आणि ७६ मतं: गोव्याच्या मतदाराला राजकारणाबाहेरचा उमेदवार का हवासा वाटला?

तारीख २२ जानेवारी २०२२. गोव्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. अशा दिवसांत उमेदवार घरोघरी फिरतात, पदयात्रा काढतात. त्या दिवशी मात्र काँग्रेसचे उमेदवार बसमध्ये बसून देवदर्शनाला निघाले होते. आधी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, मग बांबोळीचा क्रूस आणि शेवटी बेतीचा दर्गा.

नवस बोलायला नव्हे, शपथ घ्यायला. शपथ एकच होती. निवडून आलो तर पाच वर्षं पक्ष सोडणार नाही.

थोड्याच दिवसांत आम आदमी पक्षानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या उमेदवारांनी अरविंद केजरीवालांच्या समोर रीतसर प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या. भ्रष्टाचार करणार नाही, पक्ष बदलणार नाही, बदलला तर लोकांनी हा कागद घेऊन आमच्यावर केस करावी, अशी एकूण भाषा.

आता विचार करा. उमेदवार साधारणपणे रस्ता देतो म्हणतो, पाणी देतो म्हणतो, नोकरी देतो म्हणतो. इथे आश्वासन होतं, 'तुम्ही ज्या पक्षाला मत दिलंत त्याच पक्षात मी राहीन.' हे वेगळं सांगावं लागतं, तेही देवाला साक्षी ठेवून, म्हणजे मतदाराचा विश्वास कुठवर उडाला होता ते कळतं.

आणि तो उगाच उडाला नव्हता.

२०१७ ते २०२२ या पाच वर्षांत काय झालं?

२०१७ च्या निवडणुकीत गोव्याच्या ४० जागांपैकी काँग्रेसनं १७ जिंकल्या, भाजपनं १३. तेव्हाचे भाजपचे मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रेत पडले. कौल सरकारच्या विरोधात होता हे उघड होतं. पण काँग्रेसवाले नेता कोण यावर खल करत बसले आणि मनोहर पर्रीकर दिल्लीहून परत आले. गोवा फॉरवर्ड, महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे आपला मगो, आणि अपक्ष यांना जोडून त्यांनी सरकार बनवलंसुद्धा. यातल्या गोवा फॉरवर्डचा सगळा प्रचार भाजपविरोधी होता, हे विशेष.

विश्वासदर्शक ठराव मांडला त्याच दिवशी काँग्रेसच्या विश्वजित राणेंनी आमदारकी सोडली, भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणूक जिंकून पुन्हा सभागृहात आले. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसचे आणखी दोघे त्याच वाटेनं गेले. मार्च २०१९ मध्ये पर्रीकरांचं निधन झालं. त्यानंतर काही दिवसांतच मध्यरात्री मगोच्या तीनपैकी दोन आमदारांनी आपला गट भाजपमध्ये विलीन केला.

१० जुलै २०१९ ला तर कहरच झाला. काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एकदम भाजपमध्ये. त्यांचं नेतृत्व कोण करत होतं? बाबू कवळेकर. म्हणजे खुद्द विरोधी पक्षनेता. दोनतीन दिवसांत तेच उपमुख्यमंत्री झाले. सोमवारी सरकारला जाब विचारणारा माणूस शनिवारी सरकारात बसला होता.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनं २०२२ च्या निवडणुकीआधी हिशोब मांडला. पाच वर्षांत २४ आमदारांनी पक्ष बदलला होता. सभागृह ४० जणांचं. म्हणजे ६० टक्के.

आता कुणी म्हणेल, गोव्यात हे नेहमीचंच. खरंय. १९९० साली चर्चिल आलेमाव अवघे १८ दिवस मुख्यमंत्री होते आणि त्या दशकात मुख्यमंत्र्यांची खुर्ची डझनभर वेळा तरी हलली. पण तेव्हा लोक हसायचे. २०१९ नंतरचा राग वेगळा होता. भाजपचं सरकार नको म्हणून ज्यानं काँग्रेसला मत दिलं, त्याच्याच मतावर भाजपचं बळ २७ वर पोचलं होतं. आपण हरलो याचं दुःख माणूस पचवतो. आपण जिंकलो आणि आपलाच माल दुसऱ्याच्या गाडीत भरला गेला, हे पचत नाही.

पण मग पक्षांतरबंदी कायदा कुठं गेला?

कायदा आहे. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, १९८५ साली आलेलं. पक्ष सोडला तर आमदारकी जाते. सुरुवातीला त्यात एक पळवाट होती. एकतृतीयांश आमदार फुटले तर त्याला 'फूट' म्हणायचं आणि सोडून द्यायचं. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती बुजवली. दुसरी मात्र राहिली. दोनतृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तर त्यांची आमदारकी शाबूत.

दोनतृतीयांश ऐकायला मोठा आकडा वाटतो. उत्तर प्रदेशात शंभर आमदारांचा पक्ष फोडायचा तर ६७ जण गोळा करावे लागतील. गोव्यात? १५ चे दोनतृतीयांश १०. तेवढेच गेले. मगोचे तीन, त्यांचे दोन. तेवढेच गेले. एका मिनीबसमध्ये मावतील एवढ्या माणसांत विरोधी पक्ष संपतो, तोही कायद्याच्या चौकटीत. दहा जणांविरुद्धच्या अपात्रता याचिका सभापतींनी २०२१ मध्ये फेटाळल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानंही तो निर्णय उचलून धरला.

म्हणजे मतदाराला कोर्टातूनही उत्तर मिळालं ते हेच. झालं ते नियमात बसतं.

दुसरं कारण मतदारसंघाच्या आकारात आहे. गोव्यातला एक विधानसभा मतदारसंघ साधारण २८-२९ हजार मतदारांचा. महाराष्ट्रातल्या मतदारसंघाच्या दहाव्या हिश्शाएवढा म्हटलं तरी चालेल. आठदहा हजार मतं पडली की माणूस आमदार. एवढ्याशा मतदारसंघात आमदाराला घर न घर माहीत असतं. कुणाच्या पोराला सरकारी नोकरी हवी, कुणाच्या आईला दवाखान्यात खाट हवी, कुणाच्या घराचा कागद पंचायतीत अडकलाय, सगळं. मत पक्षाला कमी आणि माणसाला जास्त पडतं. मग तो माणूस म्हणतो, 'मतदारसंघाच्या विकासासाठी सत्तेत गेलो,' आणि त्याच्या कार्यकर्त्यांना ते पटतंही, कारण सत्तेबाहेरचा आमदार नोकरी देणार कुठून?

म्हणजे गोव्याच्या मतदाराच्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी असतात. पक्ष बदलणाऱ्याचा संताप, आणि त्याच्याकडे अडकलेलं आपलं काम.

इथेच बाहेरचा माणूस आवडायला लागतो.

राजकारणाबाहेरून आलेल्या उमेदवाराची जमेची बाजू काय असते? अनुभव नसतो, यंत्रणा नसते, पैसा बहुतेक वेळा नसतो. फक्त त्याला भूतकाळ नसतो. त्यानं अजून कुणाला फसवलेलं नसतं. शांत काळात ही उणीव मानली जाते. विश्वास उडालेल्या काळात तीच पात्रता होते. मतदार त्याच्यात हुशारी शोधत नाही, 'हा अजून विकला गेलेला नाही' एवढंच बघतो. त्या 'अजून' या शब्दात त्याची आशाही असते आणि संशयही.

२०२२ मध्ये असे नवे लोक गोव्यात बरेच होते. त्यांत सगळे खरोखर नवे नव्हते. तृणमूल काँग्रेस थेट बंगालमधून आली, 'गोंयची नवी सकाळ' अशी घोषणा घेऊन. आणि नव्या सकाळीचे चेहरे कोण? माजी मुख्यमंत्री लुईझिन फालेरो, जे आयुष्यभराची काँग्रेस सोडून आलेले. चर्चिल आलेमाव, ज्यांनी किती पक्ष पाहिले ते मोजायला वेगळा लेख लागेल. कुडतरीचे आलेक्स रेजिनाल्ड तर डिसेंबरमध्ये काँग्रेस सोडून तृणमूलमध्ये गेले, जानेवारीत तृणमूल सोडली, फेब्रुवारीत अपक्ष लढले आणि जिंकले. पक्षबदलाला कंटाळलेल्या लोकांसमोर पक्ष बदललेल्यांचीच यादी ठेवली तर काय होणार? तृणमूलला पाच टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. जागा शून्य.

मग रिव्होल्युशनरी गोवन्स. गोव्यात सगळे 'आरजी' म्हणतात. मनोज परब या तरुणानं सुरू केलेली ही संघटना. पोरं गावोगाव कोपरा सभा घेत, फेसबुकवर लाइव्ह येत, कोकणीत तावातावानं बोलत. माजी आमदार नाही, माजी मंत्री नाही, कुणाचा मुलगा नाही, कुणाची बायको नाही. शेवटची गोष्ट गोव्यात दुर्मीळच म्हणायची. २०२२ च्या विधानसभेत राणे, मोन्सेरात आणि लोबो अशी तीन नवराबायकोंची जोडपी निवडून आली. ४० पैकी सहा जागा तीन घरांत. त्या पार्श्वभूमीवर खिशात काही नसलेली ही पोरं उठून दिसणारच.

आरजीच्या बाबतीत एक गंमत आहे, तीही गंभीर. राजकारणात बाहेरचा असलेला हा पक्ष उभा राहिला तो 'भायल्यां'च्या, म्हणजे बाहेरून गोव्यात आलेल्यांच्या विरोधावर. त्यांची मुख्य मागणी होती 'पोगो' विधेयक. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, त्यांनाच मूळ गोवेकर मानायचं आणि नोकऱ्या, जमिनी, योजना यांवर पहिला हक्क त्यांचा. हे राज्यघटनेत बसणार नाही, असं सरकारनं पुढे विधानसभेत सांगितलं. समाजमाध्यमांवर परप्रांतीय मजुरांबद्दल जे लिहिलं गेलं, तेही सगळं वाचवण्यासारखं नव्हतं. त्यात सिंधुदुर्गातून किंवा बेळगावातून पोटासाठी आलेला मराठी माणूसही 'भायलो'च.

हा भाग वगळून आरजीकडे 'प्रामाणिक तरुणांचं बंड' म्हणून बघणं सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. प्रस्थापितांवरचा राग रिकामा फिरत नाही, तो कुणाला तरी दोष देतो. वर बसलेल्यांनी जमीन विकली हे म्हणणं आणि खाली आलेल्यांनी ती घेतली हे म्हणणं, एकाच भाषणात पाच मिनिटांच्या अंतरानं येऊ शकतं.

मतं किती, जागा किती?

१० मार्च २०२२ ला निकाल लागला. मतदान ७९ टक्क्यांच्या घरात झालं होतं. वैतागलेला मतदार घरी बसला नव्हता. त्यानं 'नोटा'ही फारसं दाबलं नव्हतं, तिथे जेमतेम टक्काभर मतं. त्याला कुणालातरी निवडायचंच होतं.

आरजीला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. पहिल्याच विधानसभा निवडणुकीत नव्वद हजारांच्या जवळपास. जागा एक. आपला सहा टक्क्यांहून थोडी अधिक, जागा दोन. तृणमूल धरून तिघांची बेरीज केली तर गोव्यातल्या पाच मतांपैकी एक मत नव्या पक्षाला गेलं आणि ४० पैकी तीन जागा त्यांच्या पदरात पडल्या. भाजपला मतं होती एकतृतीयांश, जागा निम्म्या. २०.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, मग बाकीचे सगळे मिळून त्याच्या दुप्पट का असेनात. फ्रान्समध्ये अध्यक्ष निवडताना दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत मन मोकळं करायचं आणि दुसऱ्या फेरीत उरलेल्या दोघांतला एक निवडायचा. युक्रेनमध्ये २०१९ साली व्होलोदिमिर झेलेन्स्की हा टीव्हीवरचा विनोदी नट पहिल्या फेरीत ३० टक्क्यांवर होता, दुसऱ्या फेरीत ७३ वर गेला. नव्या माणसाला अशी दुसरी संधी गोव्यात नसते. इथे मन मोकळं करण्याची आणि आमदार निवडण्याची वेळ एकच. त्यामुळे गावात चर्चा होते ती 'पोरगा चांगला आहे, पण येणार नाही, मत फुकट जाईल' अशी. आणि विरोधातली मतं चार ठिकाणी गेली की त्याचा फायदा कुणाला होतो, हे सत्ताधारी पक्षाला सांगावं लागत नाही.

आता आपचे आकडे जरा जवळून बघा, कारण त्यात खरी गोम आहे. २०१७ मध्येही आप गोव्यात लढली होती, ३९ जागांवर. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा होता एल्विस गोम्स, सरकारी नोकरी सोडून आलेला अधिकारी. मतं सहा टक्क्यांवर मिळाली, जागा एकही नाही, गोम्स स्वतः पडले आणि पुढे काँग्रेसमध्ये गेले. २०२२ मध्ये चेहरा होता वकील अमित पालेकर. ओल्ड गोव्याच्या वारसा क्षेत्रातल्या वादग्रस्त बांधकामाविरुद्ध उपोषणाला बसलेले. तेही पडले. पक्षाची मतं वाढली ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तरी जागा शून्यावरून दोन!

कारण मतं राज्यभर शिंपडली गेली नाहीत, दोन ठिकाणी साचली. बाणावलीत आपनं २०२० च्या डिसेंबरमध्ये जिल्हा पंचायतीची जागा जिंकली होती. तिथे वर्षभराहून थोडं जास्त काम झालं, माणसं ओळखीची झाली. मग वेंझी व्हिएगस यांनी चर्चिल आलेमावांना त्यांच्याच अंगणात हरवलं. शेजारच्या वेळ्ळीत क्रूझ सिल्वा निसटत्या फरकानं निवडून आले. टीव्हीवर झळकलेले दोन्ही मुख्यमंत्रिपदाचे चेहरे हरले आणि गावात रुजलेले दोघे जिंकले.

आरजीचंही तसंच. मनोज परब वाळपईत विश्वजित राणेंसमोर हरले. पक्षाची एकमेव जागा आली सांत आंद्रेची. तिथे वीरेश बोरकर या तरुणानं आमदार फ्रान्सिस सिल्वेरांना हरवलं. फरक ७६ मतांचा.

आणि हे सिल्वेरा कोण? जुलै २०१९ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेल्या त्या दहांपैकी एक.

बाकीच्या नऊ जणांचं काय झालं?

लोकांनी बऱ्यापैकी हिशोब चुकता केला. उपमुख्यमंत्री झालेले बाबू कवळेकर केप्यात पडले. काहींना भाजपनं तिकीटच दिलं नाही, ते अपक्ष लढले आणि पडले. दहांपैकी पुन्हा निवडून आले ते तिघं. बाबूश मोन्सेरात, त्यांच्या पत्नी जेनिफर आणि थिवीचे नीळकंठ हळर्णकर. पणजीत बाबूश यांच्यासमोर मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल, भाजपनं तिकीट नाकारल्यामुळे अपक्ष, अवघ्या ७१६ मतांनी हरले. ज्यांची स्वतःची पक्की यंत्रणा होती ते तरले, जे पक्षाच्या नावावर निवडून आले होते ते बुडाले.

म्हणजे शिक्षा झाली. पण त्यातून धडा कुणी घेतला?

निकालानंतर भाजपकडे २० होते, बहुमताला एक कमी. तीन अपक्षांनी पाठिंबा दिला. तृणमूलशी युती करून लढलेल्या मगोच्या दोघांनीही दिला. सरकारला कुणाचीच गरज उरली नव्हती. तरीही जुलैमध्ये काँग्रेसनं आपल्याच विरोधी पक्षनेत्याला, मायकल लोबोंना, पक्ष फोडायचा घाट घातल्याचा आरोप करून पदावरून काढलं.

१४ सप्टेंबर २०२२. काँग्रेसचे ११ आमदार होते. त्यांचे दोनतृतीयांश म्हणजे आठ. आठ जण भाजपमध्ये गेले, त्यात लोबो आणि माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत. महालक्ष्मीच्या देवळातल्या शपथेला आठ महिनेही झाले नव्हते. पत्रकारांनी त्या शपथेबद्दल विचारलं तेव्हा कामतांनी सांगितलं की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं, आणि देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. या उत्तरावर पुढचे कितीतरी दिवस मीम फिरत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये कामत मंत्री झाले.

नव्या लोकांना यातून फायदा झाला का? २०२४ च्या लोकसभेला मनोज परब उत्तर गोव्यातून उभे राहिले. ४५ हजारांवर मतं मिळाली. श्रीपाद नाईक अडीच लाखांहून जास्त मतं घेऊन जिंकले. परब तिसरे आले.

पण विधानसभेतल्या बाकांचं चित्र बघा. आठ जण गेल्यावर ४० पैकी ३३ आमदार सत्तेच्या बाजूला होते. समोर उरले सात. काँग्रेसचे तीन, गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई, आपचे व्हिएगस आणि सिल्वा, आणि ७६ मतांनी आलेले बोरकर. या सातांपैकी तिघं त्याच वर्षी पहिल्यांदा सभागृहात आले होते, जुन्या पक्षांच्या बाहेरून.